पंधरा तारखेनंतरची दोन तारीख

१६, सोमवार

डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स काल रात्री बाराला संपलं आणि नवी फाइल आमच्या सर्व्हरवर चालणार नाही. हेल्पलाइनवरच्या माणसाने सकाळी सव्वानऊला दोनदा तपासून सांगितलं. "मॅडम, फाइलमध्ये काही चूक नाही. तुम्ही कळवलेला मशीनचा नंबर चुकलाय."

नंबर मीच कळवला होता. नव्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत, एक वायरचं आणि एक बिनवायरचं. दोन्हींचे लांबलचक नंबर पडद्यावर एकाखाली एक दिसतात. मी वरचा उतरवून घेतला, लायसन्सला खालचा हवा होता. महिन्यापूर्वीची गोष्ट. फाइल आली तेव्हाच लावून बघायला हवी होती. जुनी चालू आहे तोवर कशाला हात लावा, म्हणून तशीच ठेवली.

दुरुस्त फाइल यायला दहा-बारा दिवस लागतील. त्यासाठी सरांच्या सहीचं पत्र हवं. चूक कोणाकडून झाली, तेही त्यात लिहायचं.

इमारतींचे नकाशे काढायच्या आमच्या ऑफिसात आठ टेबलं आहेत. साडेनऊला आठ जण येणार, डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडणार आणि समोर पाटी येणार, सीट उपलब्ध नाही, म्हणजे काम बंद. सत्तावीसला दवाखान्याचे सगळे नकाशे द्यायचे आहेत. मागच्याच महिन्यात सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "लायसन्सचं आपल्याला टेन्शन नाही, किल्लीबाई आहेत." या ऑफिसात मला बत्तीस वर्षं झाली. नकाशांचं शाईने ट्रेसिंग करणाऱ्या आम्ही चौघी होतो. कॉम्प्युटर आले आणि तिघी गेल्या. मी राहिले ती लायसन्सच्या या किल्ल्यांमुळे.

नऊ सव्वीसला मी सर्व्हरची तारीख चौदा दिवस मागे नेली. आज दोन तारीख. नेमके चौदा दिवस, म्हणजे वार बदलत नाही, सोमवारचा सोमवारच राहतो. टेबलांवरची मशीनं तारीख सर्व्हरकडूनच घेतात, त्यामुळे तीही मुकाट्याने मागे आली. आमची आवृत्ती जुनी, तिला हे कळत नाही. पंधरापर्यंतची फाइल, आणि तिच्या लेखी अजून तेरा दिवस बाकी.

साडेनऊला सगळ्यांना सीट मिळाली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडला.

१७, मंगळवार

आधी चष्म्याच्या लक्षात आलं. चष्मा म्हणजे आमचा सगळ्यात जुना ड्राफ्ट्समन, भिंगं एवढी जाड की डोळे बशीएवढे दिसतात.

"किल्लीबाई, माझ्या मशीनवर तीन तारीख आहे. आपण सगळे तरुण झालो की काय?"

"सर्व्हरचं काम चाललंय. दहा-बारा दिवस असंच दिसेल."

"मग सातला माझा वाढदिवस परत येणार. या वेळी कोणी केक आणला नव्हता, लक्षात आहे माझ्या."

सगळे हसले. मीही हसले. माझं हसणं मलाच कोणा दुसऱ्या बाईचं वाटलं.

पत्रावर सरांची सही झाली. सह्यांच्या कागदांत ते चौथं ठेवलं होतं. सर फोनवर बोलत होते, न वाचताच सह्या केल्या. वाचलं नाही म्हणून जीव भांड्यात पडला. आणि त्यांनी वाचलं का नाही, याचा मनातल्या मनात राग आला, हेही लिहून ठेवते.

घरी चिऊने विचारलं. चिऊ माझी भाची, बहिणीची मुलगी. कॉलेजपासून माझ्याकडेच असते आणि दीड वर्षापासून आमच्याच ऑफिसात इंजिनियर आहे.

"मावशी, तारीख मागे का आहे गं?"

"काम चाललंय."

"कसलं?"

"तुला नाही कळायचं."

"मला? इंजिनियर मी आहे की तू?" असं म्हणून हसत हसत तिने माझ्या ताटातलं उचललं. ती सात वर्षांची असताना, दुखणार नाही असं सांगून तिला दात काढायला नेलं होतं. त्यानंतर तिच्याशी खोटं बोलले ती आज.

१८, बुधवार

सकाळी अकराला चिऊ माझ्या खोलीत आली. ही खोली म्हणजे पूर्वी निळे प्रिंट काढायचं मशीन होतं ती. अमोनियाचा वास अजून भिंतीतून गेलेला नाही. ती दारातच उभी राहिली. चेहरा पांढरा फटक.

"मावशी, माझी चूक झालीय. शाळेच्या गॅलरीत."

शाळेचा वरचा मजला बांधायचं काम चालू आहे. त्याची गॅलरी सहा फूट बाहेर आलेली, फक्त एका बाजूने धरलेली, खाली खांब नाही. हात लांब करून त्यावर पोरं उभी करायची, असा प्रकार. सगळा भार वरच्या सळ्यांवर. त्या सोळा मिलिमीटर जाडीच्या हव्यात आणि चिऊच्या नकाशात दहाच्या पडल्या होत्या. तो नकाशा गेल्या गुरुवारी, बारा तारखेला, साइटवर गेलेला.

"सरांना सांगितलंस?"

"आत्ता त्यांच्याकडूनच आले. म्हणाले, सापडली ना? नवा पाठव, विषय संपला."

चूक सापडली आणि पाच मिनिटांत सरांसमोर जाऊन उभी राहिली. माझ्या खोलीपासून सरांची केबिन अकरा पावलांवर आहे. मला ती तीन दिवसांत चालता आलेली नाहीत.

दुपारी नवा नकाशा छापला. शाळेचेच आणखी पाच कागद जायचे होते, तेही गुंडाळून त्याच पुठ्ठ्याच्या नळीत घातले आणि चारला पाठवले. छापताना कोपऱ्यातल्या तारखेवर नजर गेली. ४. कोणाला दिसलं तर काय सांगायचं, ते मनात जुळवून ठेवलं.

ही कोपऱ्यातली तारीख माझीच कल्पना. तीन वर्षांपूर्वी नकाशांवर अ, ब, क अशी अक्षरं असायची आणि त्या गोंधळात एक जिना भलत्याच बाजूला बांधला गेला होता. तेव्हा मी मशीनलाच तारीख छापायला लावली आणि साइटवर जाऊन मुकादमांना सांगून आले, "अक्षरं वाचत बसू नका. ज्याची तारीख नंतरची तो खरा. तारीख मशीन टाकतं, माणूस नाही." तेव्हापासून ते नंतरच्या तारखेचा कागद फळीवर खिळ्याने ठोकतात आणि आधीचा घडी घालून बाजूला ठेवतात. एकदाही चूक झालेली नाही. सरांनी माझं कौतुक केलं होतं.

१९, गुरुवार

दुपारी शाळेच्या साइटवरच्या मुकादमांचा फोन आला.

"बाई, कालच्या नळीत एक जुना कागद आलाय."

"जुना म्हणजे?"

"चार तारखेचा. माझ्याकडे तोच बाराचा लागलेला आहे. मग चारचा आता कशाला पाठवला?"

मला फक्त 'चार' ऐकू आलं. हा माणूस सरांशी रोज संध्याकाळी बोलतो. त्याने सहज म्हटलं की बाईंनी चार तारखेचे कागद पाठवलेत, तर सर इकडे येणार, सर्व्हर बघणार.

"चुकून गेला असेल. तुम्ही नेहमीसारखं करा ना."

"म्हणजे नंतरची तारीख धरू?"

"हो. नेहमी करता तसंच."

"बरं. मी आपलं विचारलं. तुमच्याकडून चूक होत नाही, म्हणून विचारलं."

कुठला कागद, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बोलणं लांबलं असतं. फोन ठेवला तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता. तो सरांकडे काही बोलला नाही तर सुटले.

संध्याकाळी चिऊ खुशीत होती. "मुकादमांना फोन केला होता. म्हणाले, नवा नकाशाच लावलाय मॅडम, काळजी करू नका." कालपासून पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

२१, शनिवार

आज शाळेच्या गॅलरीचं काँक्रीट झालं. चिऊला सळ्या बघायला जायचं होतं, पण दवाखान्याच्या नकाशांसाठी सरांनी थांबवून घेतलं. मुकादमांनी फोटो पाठवला. तिने तो माझ्या खोलीतल्या पडद्यावर मोठा करून करून पाहिला.

"जाळी वरच आहे, अंतरंही बरोबर आहेत. जाडी मात्र फोटोत कळत नाही." मग फोन लावला. "मुकादम, सगळं नकाशाप्रमाणे आहे ना?"

पलीकडून त्यांचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. "शंभर टक्के मॅडम. नकाशासमोर उभा राहून बोलतोय."

तिने काँक्रीट ओतायला होकार दिला. मी लक्ष देऊन ऐकत नव्हते, कारण तेव्हाच सर खोलीच्या दारातून डोकावले होते.

"सगळं ठीक ना, बाई?"

"हो सर."

"चेहरा उतरलाय तुमचा. सुट्टी हवी तर घ्या."

सुट्टी घेतली तर सर्व्हरपाशी कोण बसेल? नको म्हटलं.

२५, बुधवार

तीन दिवस काहीच लिहिलं नाही. लिहायला बसलं की भीती वाढते.

कालपासून काही मशीनांवर इंटरनेटची पानं उघडत नाहीत. तुमच्या संगणकाची तारीख तपासा, अशी सूचना येते. चष्मा ती मोठ्याने वाचून दाखवतो आणि माझ्याकडे बघतो. त्याला कळलंय, की तो आपला नेहमीसारखा गंमत करतोय? दारावर कोणी टकटक केली तरी मी उठून उभी राहते. परवा स्वप्नात सर माझ्या हातातलं घड्याळ काढून घेत होते.

रविवारी, एकोणतीसला, सर्व्हरवर पंधरा तारीख उजाडेल. त्यानंतर पुन्हा मागे जायला जागा नाही. म्हणजे आहे, पण तेवढं धाडस माझ्यात उरलेलं नाही. हेल्पलाइनवाला म्हणतो, शुक्रवारी फाइल नक्की.

२७, शुक्रवार

आली. सकाळी अकराला. या वेळी नंबर मी एकेक अक्षर बोट ठेवून तीनदा ताडून पाहिला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सॉफ्टवेअर बंद करायला लावलं, नवी फाइल बसवली आणि तारीख जागेवर आणली. दोनला आठही जणांना सीट मिळाली. दवाखान्याचे नकाशे दुपारी छापले, कोपऱ्यात नीट २७.

चष्मा म्हणाला, "संपलं का तारुण्य? गुडघे दुखायला लागलेच होते."

या वेळी मी खरी हसले.

एक गोष्ट राहिलीय, लायसन्सची लॉग फाइल. कोणी किती वाजता सीट घेतली, किती वाजता सोडली, सगळं ती ओळीओळीने लिहीत जाते. तिच्यात पंधरा तारखेच्या, लायसन्स संपल्याच्या ओळीखाली दोन तारखेची ओळ आहे, आणि पुढे तेराच्या खाली सत्तावीसची. ती पुसून टाकावी असं वाटलं. बटणावर बोट ठेवलं, आणि हात मागे घेतला. ट्रेसिंगवर चूक झाली की आम्ही ब्लेडने शाई खरवडायचो. कितीही हलक्या हाताने खरवडलं, तरी कागद उजेडासमोर धरला की डाग दिसायचाच. ती सवय अजून गेलेली नाही बहुतेक.

आज घरी जाताना चिऊला म्हटलं, चल, पायी जाऊ. दोन आठवड्यांनी रस्त्यावरची झाडं बघितली.

३०, सोमवार

मुकादम उद्या सकाळी आठला शाळेच्या गॅलरीचे टेकू काढणार होते. त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं, आज दुपारी दोन वाजता. पुढचं क्रमाने लिहिते. क्रम चुकवण्याची माझी हौस फिटली आहे.

महिना संपला की बाहेर गेलेल्या नकाशांची यादी मी सरांना छापून देते. ती तारखेप्रमाणे लागते. आज छापली आणि सवयीने बोट फिरवत खाली गेले. शाळा, गॅलरी, ४. शाळा, गॅलरी, १२. पहिल्यांदा एवढंच वाटलं, की हे उलटं लागलंय, कोणी विचारायच्या आत हाताने सरळ करून टाकावं. पेन उचलला. आणि हातात पेन तसाच राहिला.

चारचा आता कशाला पाठवला? नंतरची तारीख धरू?

खुर्चीत बसलेली असूनही मी टेबल धरलं.

मुकादमांना फोन लावला. "त्या दिवशी नळीत जुना कागद आला म्हणालात, तो कुठला होता?"

"गॅलरीचा. का हो?"

"सळ्या कुठल्या टाकल्या?"

"दहाच्या. बाराच्या कागदात दहाच्याच होत्या. उद्या आठला टेकू काढतोय. येत्या शनिवारी काढायचे होते, पण मागच्या बाजूच्या कामाला लागतायत."

"काढू नका."

"कोणी सांगितलं? सरांनी?"

"मी सांगतेय."

"बाई, टेकू लावा-काढा हे तुम्ही नाही सांगत मला. काय झालंय?"

"चार तारखेचा कागद नंतरचा आहे. तारीख खोटी आहे."

तिकडून वाळू चाळल्याचा आवाज येत होता. "तारीख मशीन टाकतं, माणूस नाही, असं तुम्ही म्हणाला होतात."

"मशीनची तारीख मीच मागे नेली होती."

"तुम्हाला विचारलं होतं मी, बाई." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "फोन करून विचारलं होतं. त्या गॅलरीखाली माझी माणसं दुपारी सावलीला आडवी होतात." मग म्हणाले, "सरांचा फोन येऊ दे. तोवर त्यांना तिथून उठवतो."

ती अकरा पावलं मी यादी हातात घेऊन चालले. सरांनी ती माझ्या हातातून घेतली आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांची नजर त्या दोन ओळींवर गेली.

"हे काय? गॅलरीचा नकाशा आधी बरोबर काढला आणि नंतर चुकीचा पाठवला? तुमच्या भाचीला बोलवा बरं."

चिऊ आली. तिने यादी पाहिली. "असं नाही झालं, सर. मी अठराला दुरुस्त केला. तुम्हाला सांगायला आले होते."

"आलात ते आठवतंय. पण इथे दुरुस्त नकाशा चारचा आहे आणि चुकीचा बाराचा. साइटवर बाराचा लागला असेल तर त्याचं काय करायचं?"

तिने यादी पुन्हा वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. संशय घेऊन नाही. मावशी सांगेल, अशा नजरेने. मी क्षणभर गप्प राहिले. इथे तरी खरं लिहिते, क्षणापेक्षा जास्त. यादी छापलेली होती, आकडे मशीनचे होते, आणि चूक तर मुळात तिचीच होती. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. ते आलं याचीच मला आता सगळ्यात जास्त भीती वाटते.

"सर, आधी मुकादमांना फोन करा. सळ्या दहाच्या पडल्यात. टेकू काढू नका म्हणावं. मग मी सांगते."

त्यांनी फोन केला. मी लॉगची पानं छापून आणली आणि पंधराच्या खालची दोनची ओळ दाखवली. कार्डाच्या नंबरपासून सगळं सांगितलं. न वाचता सही झालेलं पत्र, मुकादमांचा फोन, सगळं. चिऊ खिडकीकडे तोंड करून उभी होती.

सरांनी लॉगची पानं उलटी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "बाई, थांबलो असतो ना आपण बारा दिवस. दवाखान्याच्या लोकांना मी एक फोन केला असता."

एक फोन. दोन आठवडे मी ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं.

घरी येताना चिऊ दोन पावलं पुढे चालत होती. जेवण झालं. भांडी विसळताना, पाठ माझ्याकडे असतानाच तिने विचारलं, "कुठला कागद, एवढंही विचारलं नाहीस?"

"नाही."

"बरं," म्हणाली. ती बरं म्हणते तेव्हा बरं नसतं, हे तिच्या लहानपणापासून मला ठाऊक आहे.

टेकू जागेवर आहेत. संध्याकाळी सहाला मुकादमांनी सरांना फोटो पाठवला. गॅलरीखाली दोरी बांधलेली, आत कोणी नाही. सळ्या दहाच्याच, असं ते म्हणतात, पण सरांना डोळ्यांनी बघायच्या आहेत. उद्या आठला गॅलरीच्या मुळाशी तीन ठिकाणी छिन्नीने काँक्रीट फोडून जाडी मोजतील. दहाच्या निघाल्या तर आख्खी गॅलरी तोडायची. शाळेच्या लोकांना दहाला बोलावलंय. मला लॉगची सगळी पानं आणायला सांगितलंय, प्रत्येक पानावर सही करून आणि खाली आजची तारीख घालून. पानं एकोणीस आहेत. सह्या झाल्या. तारीख घालताना दर वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

चिऊने आत्ता दारातून सांगितलं, उद्या सकाळी साडेसहाला साइटवर निघायचं. तिच्या गाडीवर मागे बसून जायचंय. मी हो म्हटलं.